नको असलेली पाकिटे

आमच्या जळोचीत पोस्टमन येतो तो दुपारी. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. घरी येऊन जेवणे उरकून ओटा पुसत असते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजते. पूर्वी त्या आवाजाने जीव सुखावायचा, कारण माहेरचे पत्र यायचे. आता पत्रे कुठली? विजेचे बिल, विम्याच्या हप्त्याची आठवण आणि मग ती गुळगुळीत, जाडजूड, पुढे पारदर्शक खिडकी असलेली पाकिटे. "अभिनंदन! आपली खास निवड झाली आहे." आत क्रेडिट कार्डाचा फॉर्म, कधी पुठ्ठ्याचे नकली कार्डसुद्धा चिकटवलेले.

अशी पाकिटे मी वर्षानुवर्षे न उघडता रद्दीच्या गठ्ठ्यात टाकत आले. वाटायचे, नको आहे ना आपल्याला, मग विषय संपला. विषय संपत नाही, हे मला २०२४ सालच्या दिवाळीनंतर कळले. त्या अनुभवातून जे शिकले ते तुम्हाला सांगावे, म्हणून हा लेख.

आमचे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यात कुणाचा एक रुपया बुडवला नाही. किराणा दुकानाची उधारीसुद्धा पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी चुकती करायचे. त्यांच्याच नावावर जळोचीत थोडी जागा आहे. तिथे घर बांधायचे ठरले आणि यांनी गृहकर्जासाठी अर्ज केला. जागा अण्णांची, म्हणून अर्जावर त्यांचेही नाव. आठ दिवसांनी कर्ज देणाऱ्या बँकेतून फोन आला, "तुमच्या वडिलांच्या नावावर क्रेडिट कार्डाची थकबाकी दिसते आहे."

हे घरी येऊन सांगू लागले तेव्हा अण्णा ताटावर बसले होते. "माझ्या नावावर? थकबाकी?" एवढेच म्हणाले आणि हात धुऊन उठले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

झाले होते असे

२०२३ च्या मे महिन्यात अण्णांना एक फोन आला होता. त्यांची निवृत्तीची रक्कम ज्या बँकेत ठेव म्हणून आहे, तिथूनच. "काका, तुम्ही आमचे जुने ग्राहक. तुमच्यासाठी कार्ड अगदी मोफत आहे. मोबाईलवर आलेला आकडा तेवढा सांगा." मुलगी गोड बोलत होती, अण्णांना नाही म्हणवले नाही. आकडा सांगितला. पंधरा दिवसांत कार्ड आले. अण्णांनी ते विम्याच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवून दिले आणि विसरूनही गेले. त्या कार्डावर त्यांनी एका पैशाची खरेदी केली नाही.

पण मोफत होते ते पहिले वर्ष. २०२४ च्या जूनमध्ये ४९९ रुपये वार्षिक फी आणि त्यावर जीएसटी, असे ५८९ रुपयांचे बिल निघाले. ते भरले नाही म्हणून उशिराचा दंड, दंडावर जीएसटी, वर व्याज. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पाच महिन्यांत आकडा ३,८०० रुपयांच्या वर गेला.

तुम्ही विचाराल, बिले आली नाहीत का? आली होती. दर महिन्याला पोस्टाने येत होती, तसल्याच खिडकीच्या पाकिटातून, आणि जाहिरात समजून ती रद्दीत टाकणारी मीच होते. रद्दीचा गठ्ठा सोडला तेव्हा त्यातली दोन पाकिटे न फोडलेली सापडली.

हे अण्णांना सांगताना माझा आवाज फुटेना. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पाकिटं तू टाकलीस, पण आकडा मीच सांगितला ना. आता काय करता येतं ते बघ. तू शिकलेली आहेस." मग मी बघायला लागले.

कायदा कुणाच्या बाजूने?

मला वाटले होते, मोठ्या बँकेपुढे आपले काय चालणार! पण माहिती काढली तेव्हा नवल वाटले. नको असलेली कार्डे लोकांच्या गळ्यात मारण्याचा प्रकार जुना आहे. अमेरिकेत १९५८ साली एका मोठ्या बँकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावात सुमारे साठ हजार कार्डे कुणीही मागितलेली नसताना पोस्टाने घरोघर पाठवली. इतर बँकांनीही तोच कित्ता गिरवला. पाकिटातून कार्डे चोरीला जाऊ लागली, न केलेल्या खरेदीची बिले लोकांना येऊ लागली. शेवटी १९७० साली तिथे कायदा झाला की, मागितल्याशिवाय कार्ड पाठवायचे नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००५ च्या नोव्हेंबरमध्ये बँकांना बजावले की, न मागता कार्ड देऊ नये. पुढे १ जुलै २०२२ पासून जे सविस्तर नियम लागू झाले, त्यांतले आपल्या उपयोगाचे तेवढे सांगते.

• कार्ड देण्याआधी ग्राहकाची स्पष्ट संमती हवी, लेखी किंवा मोबाईलवरच्या ओटीपीसारख्या मार्गाने. "ग्राहक काही बोलला नाही, म्हणजे हो" असे धरता येत नाही.

• संमतीशिवाय दिलेले कार्ड चालू करून बिल लावले, तर बँकेने ते बिल ताबडतोब रद्द करायचे आणि वर त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. अशा कार्डाचा कुणी गैरवापर केला तर नुकसान बँकेचे.

• कार्ड दिल्यापासून तीस दिवसांहून अधिक काळ चालू केले नसेल, तर बँकेने ओटीपीने संमती विचारायची. संमती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे, एक पैसाही न घेता.

• कार्ड बंद करा असे आपण कळवले आणि देणे शिल्लक नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये दंड, तोही आपल्याला.

• कार्डाच्या अर्जाबरोबर व्याज आणि सगळे आकार दाखवणारे एक पानी माहितीपत्रक द्यायचे.

अण्णांना असले कुठलेच पत्रक मिळाले नव्हते. वार्षिक फी किती, हे फोनवर कुणी उच्चारलेही नव्हते.

आता आमच्या बाजूचा लंगडा दुवाही सांगते. अण्णांनी ओटीपी सांगितला होता. बँकेच्या मते तीच संमती. आपल्याला तो चार-सहा आकड्यांचा खेळ वाटतो, पण तो आकडा म्हणजे आपली सही. पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, तेव्हा घरातली शहाणी माणसे म्हणायची, आधी वाचून दाखवा. तेच इथेही म्हणायला हवे. आपल्या सासूबाई-सासऱ्यांना, आईवडिलांना आजच हे समजावून सांगा. मेसेजमध्ये तो आकडा कशासाठी आहे हे बहुतेक वेळा लिहिलेले असते. तो वाचावा, आणि फोनवरच्या माणसाला तर कधीच सांगू नये.

मी काय केले?

बँकेला पत्र लिहिले. अण्णांच्या नावाने, त्यांच्या सहीने. फोनवर बोलण्यात अर्थ नाही, कारण दर वेळी नवा माणूस येतो आणि रामायण पहिल्यापासून सांगावे लागते. पत्राचा मजकूर साधारण असा होता:

"माझ्या नावाने दिलेले कार्ड, ज्याचे शेवटचे चार आकडे अमुक, मी कधीही वापरलेले नाही. वार्षिक फीची माहिती मला कार्ड देताना तोंडी वा लेखी दिलेली नाही. कार्ड मोफत आहे असे सांगून माझ्याकडून ओटीपी घेण्यात आला. तरी लावलेले सर्व आकार रद्द करावेत, कार्ड बंद करून तसे लेखी कळवावे, आणि क्रेडिट माहिती कंपन्यांकडे गेलेली थकबाकीची नोंद दुरुस्त करावी. यापुढे कार्ड, कर्ज वा विमा यांच्या जाहिराती मला टपालाने, फोनने वा मेसेजने पाठवू नयेत. तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन."

कार्डाचा पूर्ण नंबर पत्रात लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरतात. पत्राची प्रत ठेवा. मी ते पोच असलेल्या रजिस्टर पोस्टाने पाठवले होते. २०२५ साली पोस्टखात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकले, तेव्हा आता स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. हेच पत्र ई-मेलनेही पाठवले म्हणजे तारखेचा पुरावा दुहेरी होतो.

बाविसाव्या दिवशी उत्तर आले. सगळे आकार रद्द केले होते, कार्ड बंद केले होते आणि नोंद दुरुस्त करायला कळवले होते. दुप्पट दंड काही मिळाला नाही, ओटीपी दिलेला होता ना! आम्हीही त्यावर भांडलो नाही. नोंद सुधारली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत घराचे कर्ज मंजूर झाले. मधले दोन-अडीच महिने मात्र वाया गेले. गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला, सिमेंटचा भाव वाढला आणि अण्णांनी त्या दिवसांत बाजारात जाणेसुद्धा सोडले होते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरावर चौकशी करता येते आणि तिथे मराठीतही बोलतात.

पाकिटे आणि फोन थांबवायचे कसे?

आमच्या वन्सं न्यू जर्सीत असतात. त्यांना ही हकीकत सांगितली तर म्हणाल्या, "इथे तर अशा पाकिटांचा पाऊस पडायचा गं." तिकडे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या याद्या पुरवतात आणि त्यावरून बँका ही पाकिटे पाठवतात. पण त्या कंपन्यांनी मिळून एक फोन नंबर ठेवलेला आहे. त्यावर कळवले की पाच वर्षे आपले नाव त्या यादीतून निघते, आणि सही केलेला फॉर्म पाठवला तर कायमचे. ज्यांच्या लेकी-सुना अमेरिकेत आहेत त्यांनी हे जरूर कळवावे.

आपल्याकडे टपालासाठी असा एकच नंबर नाही. म्हणून ज्या बँकेचे पाकीट येते, तिलाच वरच्या पत्रातले जाहिरातीसंबंधीचे वाक्य लिहून पाठवायचे. मी तीन बँकांना अशी पत्रे पाठवली. जिथे आपले खाते नाही अशा ठिकाणचे पाकीट आले, तर ते न फोडता त्यावर "घेण्यास नकार" लिहून, सही-तारीख घालून पोस्टमनजवळ परत देता येते. मात्र जिथे आपले खाते, ठेव किंवा कर्ज आहे, तिथले पाकीट कधीही परत करू नका आणि न वाचता फेकू नका. माझी चूक तीच झाली होती.

रद्दीत टाकण्याआधी नाव, पत्ता आणि फॉर्मचा भाग फाडून बारीक तुकडे करावेत. भरलेला नसला तरी त्यावर आपली माहिती छापलेली असते, आणि आपली रद्दी कुणाच्या हाती जाते हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

फोन आणि मेसेज थांबवायचे तर १९०९ हा नंबर लक्षात ठेवा. त्यावर फोन करा, किंवा मेसेजमध्ये इंग्रजीत "स्टार्ट" लिहून, एक जागा मोकळी सोडून शून्य लिहा आणि पाठवा. सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. खात्यातून पैसे गेल्या-आल्याचे मेसेज बंद होतील अशी भीती नको, ते येतच राहतात. नोंद केल्यावरही जाहिरातीचा फोन आला, तर त्याच १९०९ वर तक्रार करायची. पूर्वी तीन दिवसांत करावी लागे, २०२५ च्या फेब्रुवारीत केलेल्या बदलाने ही मुदत सात दिवस झाली. जाहिरातीच्या फोनचे नंबर १४० ने सुरू होतात. कार्डासाठी ग्राहकांना सकाळी दहा ते संध्याकाळी सात याच वेळात फोन करावा, असेही बँकांना सांगितलेले आहे.

आणि माहिती मिळते कुठून? पुष्कळदा आपल्याच हातून. प्रदर्शनातल्या, मॉलमधल्या, पेट्रोल पंपावरच्या टेबलाशी कूपन भरतो आपण. एक डबा किंवा एक पिशवी मिळते आणि त्या बदल्यात नाव, नंबर, जन्मतारीख देऊन मोकळे होतो. बँकेचा फॉर्म भरतानाही खाली एक बारीक चौकट असते, "माझी माहिती जाहिरातीसाठी वापरण्यास हरकत नाही." तिथे खूण करू नका. आधीच छापील खूण असेल तर खोडून शेजारी सही करा.

वर्षातून एकदा

जसे उन्हाळ्यात गहू-डाळी निवडून ठेवतो, तसे वर्षातून एक काम करावे. आपल्या देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून दर वर्षी एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली तसे ठरवून दिले. आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेले कार्ड किंवा कर्ज आहे का, हे त्यात दिसते. चूक असेल तर कळवायचे. ती तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून आहे. आम्ही हा अहवाल आधीच काढला असता, तर कर्जाच्या ऐन वेळी अडलो नसतो. घरातल्या मोठ्या माणसांचा तर आवर्जून पाहावा. त्यांना अशा फोनवर "नको" म्हणणे जड जाते.

माझ्यावरही प्रसंग आलाच होता. "मॅडम, सरांच्या कार्डावर तुम्हालाही एक कार्ड मिळेल, अगदी मोफत." क्षणभर बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण अशा जोडकार्डाचे सगळे बिल मूळ कार्डधारकालाच भरावे लागते.

कार्ड वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. ज्यांना महिन्याचे बिल पुरते भरण्याची शिस्त आहे, त्यांना ते सोयीचे आहे. पण किमान रक्कम भरून भागवायचे असेल तर हे गणित पाहा. माझ्या सातवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना मी तेच घातले होते. बिल २०,००० रुपये. किमान रक्कम शेकडा ५ म्हणजे १,००० रुपये भरले. महिन्याचे व्याज शेकडा साडेतीन म्हणजे ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १२६ रुपये. भरलेल्या हजारातून मुद्दलात किती गेले? १७४ रुपये. वर्गातली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, मग फिटणार कधी?"

आमचे नवे घर आता उभे राहिले आहे. फाटकाशी टपालपेटी लावली आहे आणि तिची किल्ली अण्णांकडे. दुपारी ते चष्मा लावून प्रत्येक पाकीट फोडतात, वाचतात, आणि जाहिरात असेल तर कोपऱ्यावर पेन्सिलीने "नको" लिहून माझ्यासमोर ठेवतात. पुढचे पत्र लिहायचे काम माझे. पहिल्या सहा महिन्यांत सात पत्रे गेली, त्यानंतर पाकिटे बरीच कमी झाली आहेत. मैत्रिणींनो, येत्या रविवारी तुम्हीही अर्धा तास काढा आणि तुमच्या रद्दीचा गठ्ठा एकदा सोडून पाहा. त्यात न फोडलेले एखादे पाकीट निघाले, तर ते आधी वाचा.